सेटिंग लागलं का?

मिरजेहून मेव्हण्याचा दर रविवारी फोन येतो. हवापाणी, गुडघे आणि भाचरांच्या परीक्षा आटोपल्या की त्याचा शेवटचा प्रश्न ठरलेला, “मग दाजी, सेटिंग लागलं का?”

त्याचा दोष नाही. आपल्याकडे सेटिंग या शब्दाला वजन आहे. टेंडरात सेटिंग असतं, बदलीत असतं, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर ज्याचं स्वतःचं नसतं तो दुसऱ्याच्या सेटिंगची चर्चा करत बसतो. २१ वर्षं लीड्समध्ये काढलेल्या माणसाचं एव्हाना कुठे ना कुठे सेटिंग लागलेलं असणारच, अशी मेव्हण्याची श्रद्धा आहे. एकदा मी त्याला म्हटलं, माझं सेटिंग सध्या थेट जमिनीशी चाललंय. आठवड्याच्या आत मिरजभर झालं, दाजींनी इंग्लंडात प्लॉट घेतला.

घेतला होता मेटल डिटेक्टर.

मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्याला दार आठवतं. मॉलच्या, मोठ्या देवळाच्या, रेल्वे स्टेशनच्या तोंडाशी उभी असलेली ती चौकट. भिंत नसलेलं दार. आत शिरणाऱ्या प्रत्येकावर ती किंचाळते आणि शेजारी खुर्चीत बसलेला गार्ड मोबाइलवरची नजर न हलवता ‘जा पुढे’ अशी खूण करतो. सगळ्यांवर ओरडणाऱ्या यंत्राकडे कोणी लक्ष देत नाही, हे मला त्या चौकटीनेच शिकवायला हवं होतं. पण आपण घाईत असतो.

इथे डिटेक्टर म्हणजे काठी. खाली ताटाएवढी चकती, तिला कॉइल म्हणायचं. वर मूठ, कोपराला आधार, आणि आकडे दाखवणारा छोटा पडदा. ती काठी घेऊन पावसात शेतातून मान खाली घालून चालायचं, हा एक प्रतिष्ठित छंद आहे. बीबीसीने २०१४ साली त्यावर ‘डिटेक्टरिस्ट्स’ नावाची मालिका काढली. दोन मित्र शेतात फिरतात आणि त्यांना बहुतेक वेळा शीतपेयाच्या कॅनच्या कड्या सापडतात. मालिका विनोदी म्हणून गाजली. मी ती माहितीपट म्हणून पाहिली.

तसं हे वेड आमच्या घराण्यात होतंच. आईचे थोरले मामा पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आले, एवढ्या भांडवलावर त्यांना जमिनीतलं धन दिसतं असा पंचक्रोशीत बोलबाला झाला. डोळ्यांत अंजन घातलं की हंडा दिसणार, हंड्यावर नाग असणार, आणि खऱ्या धन्याशिवाय तो कोणाला हात लावू देणार नाही. आता मला हे सगळं नीट लावता येतं. पायाळू माणूस हे मूळ मॉडेल, अंजन ही ॲक्सेसरी, आणि नाग म्हणजे जमीनमालकाची परवानगी. गुप्तधनापायी नरबळीपर्यंत गेलेल्या प्रकारांसाठी महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला. मामांचं प्रकरण मात्र पुरणपोळीपलीकडे गेलं नाही. ज्याच्या परड्यात ते जागा दाखवायला जात त्याच्याकडे जेवत, आणि हात धुताना सांगत, “आहे, पण अजून वेळ आलेली नाही.” इतकं अचूक, बॅटरी न लागणारं आणि तक्रारीला जागा न ठेवणारं यंत्र पुढे कोणत्याही कंपनीला जमलेलं नाही.

बरं, लीड्सच्या मातीत काही नाही असंही नाही. २००८-०९ मध्ये लीड्सजवळच्या एका शेतात डिटेक्टरवाल्याला सहा सोन्याच्या वस्तू आणि शिशाची एक चाती सापडली. चाती म्हणजे सूत कातताना टकळीला लावायचं ते भोक असलेलं चक्र. त्यांतल्या अँग्लो-सॅक्सन काळातल्या अंगठ्या इतक्या देखण्या आहेत, की आपल्याकडच्या सराफानेही चष्मा पुसून पाहाव्यात. लीड्सच्या म्युझियमने तो ऐवज १,७१,३१० पौंड उभे करून घेतला. त्याआधी ६ जानेवारी २००७ ला लीड्सच्याच डेव्हिड आणि अँड्र्यू व्हीलन या बापलेकांना हॅरोगेटजवळ शिशाच्या आवरणात ठेवलेला एक सोनेरी मुलाम्याचा चांदीचा प्याला लागला. प्याला चांदीच्या नाण्यांनी गच्च भरलेला होता. त्यांनी तो उपसला नाही. जसा होता तसा नेऊन अधिकाऱ्याच्या हवाली केला. आतून पुढे निघाला तो सगळा व्हायकिंगांचा माल: ६१७ नाणी आणि ६५ इतर वस्तू, त्यांत पार समरकंदकडची नाणी. किंमत ठरली १०,८२,००० पौंड. भरलेला हंडा हाती लागल्यावर आत बोट न घालणारे बापलेक मी आमच्या आजीला सांगितले असते, तर तिने त्यांना संतांच्या यादीत घातलं असतं.

इथला कायदाही मजेशीर आहे. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू सापडली तर १४ दिवसांत कोरोनरला कळवायचं. कोरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. माणूस जमिनीत जाण्याआधी जो बघतो, त्यानेच सोनं जमिनीतून वर आल्यावर बघायचं, अशी ही सोय. आपल्याकडे १८७८ चा कायदा आहे, त्यात १० रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. म्हणजे आज जमिनीत वडापाव सापडला तरी अर्ज करावा लागेल.

परवानगीसाठी मी आठ शेतकऱ्यांना पत्रं लिहिली. एकाने होकार दिला. लीड्सच्या दक्षिणेला रॉथवेल, मॉर्ली आणि वेकफील्ड या तीन गावांच्या मध्ये रुबार्ब पिकतं. त्या टापूला रुबार्बचा त्रिकोणच म्हणतात. गुलाबी देठाची, अंबाडीची आठवण करून देणारी आंबट भाजी. कंद दोन वर्षं उघड्या शेतात वाढवतात, थंडी लागली की उपटून अंधाऱ्या शेडमध्ये लावतात. उजेडाच्या शोधात कोंब इतक्या वेगाने वाढतात, की शेडमध्ये गप्प उभं राहिलं तर ते फुटल्याचा टक् टक् आवाज ऐकू येतो. काढणी मेणबत्तीच्या उजेडात. आमचा शेतकरी या धंद्यातला. सत्तरीचा, लालबुंद, आणि वाक्यात तीनपेक्षा जास्त शब्द वापरणं उधळपट्टी समजणारा.

पहिल्याच दिवशी तो बांधावर येऊन म्हणाला, “फाउंड आउट?”

माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं, काहीतरी उघडकीला आलंय. व्हिसा, टॅक्स, मागच्या वर्षी शेजाऱ्याच्या डब्यात टाकलेला कचरा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पुढे कळलं, यॉर्कशरमध्ये ‘आउट’ म्हणजे ‘काही’ आणि ‘नाउट’ म्हणजे ‘काही नाही’. तो विचारत होता, काही सापडलं का? मी हा दुसरा शब्द शिकून घेतला. गेल्या तीन वर्षांत मी त्याच्याशी जे बोललो आहे, त्यातलं निम्मं ‘नाउट’ आहे.

आता सेटिंगकडे येतो.

यंत्राचं तत्त्व साधं आहे. कॉइलमधली एक वेटोळी जमिनीत चुंबकीय हाक मारते, धातू असेल तर तो उत्तर देतो, दुसरी वेटोळी ते ऐकते. उत्तराला किती उशीर लागला त्यावरून यंत्र धातूची जात ओळखतं. चांदी रमतगमत उत्तर देते, पातळ वर्ख चटकन देतो. एवढंच. पण या हाक आणि उत्तराच्या मध्ये माणसाला फिरवायला सात बटणं दिली आहेत, आणि ज्याच्या हाती बटण आहे तो ते फिरवणारच.

पहिलं बटण सेन्सिटिव्हिटी. मराठी माणूस हे बटण फुल करतो. का, तर पैसे पूर्ण दिलेत. गावाकडच्या मांडवात साउंडवाला जसा सगळे नॉब शेवटपर्यंत पिळतो, आणि ‘हॅलो हॅलो’ म्हणताच कर्णा अशी शिट्टी मारतो की नवरदेवाची घोडी बुजते, तसंच झालं. शेतावरून विजेच्या हाय टेन्शन तारा गेल्या होत्या. माझं यंत्र जमिनीऐवजी त्यांच्याशीच बोलू लागलं. खिशातला मोबाइल त्यात भर घालत होता. कानात असा कलकलाट, जणू दुपारच्या सभेत सगळे एकदम हरकतीचा मुद्दा मांडतायत. दोन तासांत मी १४ खड्डे खणले. सर्वांत माती होती. दर्जेदार माती, पण मातीच.

जाणकारांचा सल्ला नेमका उलट असतो. कलकल थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी खाली आणा. थोडी खोली जाते, पण जे ऐकू येतं ते खरं असतं. हे पटायला मला एक पावसाळा लागला. लीड्समध्ये पावसाळा म्हणजे साधारण वर्ष.

दुसरं बटण डिस्क्रिमिनेशन. इथल्या ऑफिसात दरवर्षी डिस्क्रिमिनेशन करू नये याचं प्रशिक्षण घेऊन मी शनिवारी शेतात ते करायला जातो. या बटणाने यंत्राला सांगायचं, की अमुक आकड्याखालचे आवाज मला ऐकवू नकोस. लोखंड गाळ, वर्ख गाळ, कड्या गाळ. अडचण एवढीच, की कॅनची कडी आणि सोन्याची अंगठी यांचे आकडे जवळजवळ एकच. ३६ गुण जुळतात. कडी गाळली की अंगठीही गेली, आणि अंगठी हवी तर कड्यांशी संसार करावा लागतो. शिवाय खिळ्याच्या कुशीत नाणं असेल तर खिळा गाळताना नाणंही मुकं होतं. आणि मी तर हे बटणही बरंच वर ठेवलं होतं. यंत्र इतकं शांत झालं, की मला वाटलं बॅटरी गेली.

शिवाय हा सगळा कोळशाचा पट्टा. चुलींतून बाहेर टाकलेला जळका कोळसा शेतोशेती पसरलेला, आणि तो हलकट पदार्थ यंत्राला थेट धातूसारखं उत्तर देतो. त्यावर घरोघरच्या बागेच्या कचऱ्याचं खत. त्यातून कॅनचे बारीक तुकडे येतात. गवत कापायच्या यंत्रात सापडून चिरलेले. इथले लोक त्या तुकड्यांना कोबीच्या सॅलडवरून ‘कॅन-स्लॉ’ म्हणतात. मी कोशिंबीर म्हणतो. एका वाफ्यात मी पाऊण किलो कोशिंबीर काढली.

आणि बटणं. यंत्राची नव्हे, कोटाची. पितळी, शिशाची, नांगर कोरलेली, भोकाची, बिनभोकाची. एवढ्याशा शेतात इतकी बटणं कुठून, तर त्याला बॅटली जबाबदार. इथून जवळच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने १८१३ साली लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा कापड विणायची युक्ती काढली. त्या कापडाला शॉडी म्हणतात. इंग्रजीत ‘भिकार’ अशा अर्थाने रूढ झालेला शब्द तो हाच. त्या धंद्यातला निरुपयोगी लोकरकचरा रुबार्बला खत म्हणून फार मानवतो, कारण त्यातून नत्र सावकाश सुटतं. आणि चिंध्यांबरोबर त्यांची बटणंही शेतात आली. कोणत्या पलटणीच्या, कोणत्या गाडीवानाच्या कोटाची असतील, देव जाणे. जिथे घाण तिथे पितळ, अशी यॉर्कशरी म्हण आहे आणि पितळ म्हणजे तिथे पैसा. माझ्या बाबतीत म्हण शब्दशः खरी ठरली. पितळच.

माणसाला वस्तू सापडेनाशा झाल्या की तो वस्तू विकत घेऊ लागतो. मी ॲक्सेसरी घेऊ लागलो. हेडफोन घेतले. कॉइलला ओरखडे पडू नयेत म्हणून झाकण घेतलं, झाकणात माती साचते म्हणून ब्रश घेतला. कंबरेला दोन खिशांची पिशवी, एक खजिन्याला आणि एक कचऱ्याला. पैकी एकच फाटला. गुडघ्यांना पॅड. दातेरी फावडं. खड्ड्यातल्या मातीत नेमकी वस्तू शोधायला पिनपॉइंटर नावाची केशरी कांडी, जिला सगळे गाजर म्हणतात. मग १५ इंची कॉइल. मूळची ११ इंची होती. पण मोठी कॉइल खोल जाते असं कळलं आणि मला ११ इंचांत अडकून पडल्यासारखं वाटू लागलं. मोठी कॉइल खरंच खोल जाते. पण कोशिंबिरीच्या शेतात ती एका वेळी पाच तुकड्यांवरून फिरते आणि पाचांचं मिळून एकच गोलमोल उत्तर देते, संयुक्त सरकारसारखं. अशा जागी लागते ती उलट सहा इंची. आमची ही म्हणाली, “अहो, रवा काढायला कोणी गव्हाची चाळण घेतं का?” मी ते मनावर घेतलं नाही, कारण तिच्याकडे मॅन्युअल नव्हतं.

एका गोष्टीने मात्र मला खरोखर हैराण केलं. कॉइल डावीकडे नेली की टिर्र, उजवीकडे नेली की टिर्र. मधे शांत. दर झोक्याला, दर शेतात. मी जमिनीचा समतोल नव्याने साधला, फ्रिक्वेन्सी बदलली, बॅटरी बदलली, बांध बदलला. तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी ही डबा घेऊन आली. पाच मिनिटं बांधावर बसून पाहत राहिली आणि म्हणाली, “तुम्ही पाऊल उचललं की ते वाजतं.”

मी ऑफिसचे सेफ्टी शूज घालून फिरत होतो. चवड्यावर पोलादी टोपी असलेले.

या अपमानावर मला एकच उतारा सापडला, तो म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. टेलिफोनवाला. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, ती शरीरात कुठे आहे ते डॉक्टरांना कळेना, तेव्हा बेलने आपलं धातूशोधक यंत्र घाईने जुळवून आणलं. यंत्र उत्तम चालत होतं. पण राष्ट्राध्यक्षांच्या अंगावर धरलं की सगळीकडूनच आवाज. कारण ते झोपले होते त्या गादीखाली पोलादी तारा होत्या, आणि डॉक्टरसाहेबांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली होती. गोळी सापडली नाही. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. म्हणजे डिटेक्टरचा इतिहास सुरू होतो तोच मुळी ‘खाली काय आहे ते आधी बघा’ या वाक्याने. बेलसारख्या माणसाला गादी दिसली नाही, तिथे मला बूट दिसले नाहीत, हे मी हिला दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा तिने विचारलं, “बेलला कोणी डबा नेऊन देत होतं का?”

त्या दिवशी तिने हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. आणि इथे मला हिच्या माहेराबद्दल सांगितलं पाहिजे.

ही मिरजेची. जिथे तंबोऱ्याचे भोपळे गच्चीवर वाळत असतात, त्या गल्लीतली. विशारदपर्यंत गाणं शिकलेली. लीड्सला येताना माझ्या सामानात प्रेशर कुकर होता आणि तिच्या सामानात तंबोरा. विमानतळावरच्या माणसाने कुकर उघडून पाहिला आणि तंबोऱ्याला नमस्कार केला, असं ती सांगते. मला दोन्हींबद्दल शंका आहे.

जमिनीचा समतोल साधणं, ज्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात, ते असं करतात: जिथे धातू नाही अशा जागी कॉइल वरखाली हलवायची, आणि मातीतल्या खनिजांचा स्वतःचा आवाज येईनासा होईपर्यंत बटण फिरवायचं. मी ते करताना उखळात मुसळ घातल्यासारखा दिसतो. मी यंत्राच्या ‘ऑटो’वर विसंबत असे. हिने ऑटो बंद केलं. डोळे मिटले. कॉइल दोनचार वेळा उचलली, बटण जरासं फिरवलं, पुन्हा जरासं मागे. मी हे दृश्य २८ वर्षं पाहत आलोय, पहाटे, दिवाणखान्यात. खुंटी पिळून झाल्यावर मणी सरकवायचा, मग घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवत राहायचं, जोवर तार नुसती वाजायची थांबून बोलायला लागत नाही. जवारी लावणं ते हेच. ॲक्सेसरी म्हणाल तर वीतभर दोरा.

“हा मागे हूं हूं चाललाय तो काय?” तिने विचारलं.

तो थ्रेशोल्ड. यंत्राची सतत चाललेली हलकी गुणगुण. मला त्रास होतो म्हणून मी ती बंद ठेवत असे. बुटाच्या नादात त्या दिवशी चुकून चालू राहिली होती.

“बंद का ठेवता? षड्ज बंद करून गातात का कोणी?”

मग तिने डिस्क्रिमिनेशन शून्यावर आणलं. मी म्हटलं, आता सगळे खिळे वाजतील. ती म्हणाली, वाजू देत. आणि ती चालू लागली, माझ्या निम्म्या वेगाने, कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर थोडा चढवत. “हा खिळा. हा पण खिळा. हा बेसूर आहे, पत्रा असणार. इकडून वाजतो, तिकडून वाजत नाही, सोडा. हा...” ती थांबली. “हा खिळा, पण त्याच्या पाठीमागे कोणीतरी आहे.”

खणलं. वीतभर खाली खिळा निघाला आणि त्याला चिकटून तिसऱ्या जॉर्जचा अर्धा पेनी. राजा पार झिजलेला, नाक तेवढं शाबूत.

यंत्राचा आणखी एक विक्षिप्तपणा तिच्याच लक्षात आला. चांदी शोधायला खालची फ्रिक्वेन्सी लावायची, पण चांदी सापडली की कानात सूर वरचा येतो. “म्हणजे विचारायचं खर्जात आणि उत्तर तार सप्तकात,” ती म्हणाली. मॅन्युअलमध्ये यासाठी दोन पानं खर्ची घातली आहेत, आकृतीसकट.

शेतकरी बांधावरून हे बघत होता. त्याने तिला शेडमध्ये नेलं. मला नेलं नाही; मागून गेलो. आत मिट्ट काळोख, दूर दोन मेणबत्त्या, ओल्या मातीचा वास. त्याने ओठांवर बोट ठेवलं. पहिलं मिनिटभर मला फक्त माझ्या गुडघ्यांचे पॅड करकरताना ऐकू आले. ही म्हणाली, “तिकडे, तिसऱ्या ओळीत.” म्हातारा हसला. मग मलाही ऐकू आलं: टक्. आणि बऱ्याच वेळाने दुसरीकडे, टक्. तीन वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला नव्हता तेवढं त्या दिवशी तिच्याशी बोलला, आणि ते सर्व कुजबुजत.

मेव्हण्याने यावर एकच टिप्पणी केली, “ताईंचं सेटिंग लागलं म्हणायचं.”

तेव्हापासून कामाची वाटणी ठरली आहे. ती ऐकते, मी खणतो. खड्डा इंग्रजी यू अक्षरासारखा तीन बाजूंनी कापायचा, गवताचं झाकण उलटायचं, काम झालं की जसंच्या तसं बसवून पायाने दाबायचं. यात मी वाकबगार आहे. आपल्याकडचे झारेकरी सराफकट्ट्याच्या गटारातला गाळ पाटीत घोळवून सोन्याचा कण काढतात, त्यांच्या घरी पाटी कोण धरतो आणि नजर कोणाची चालते, हे कोणी तपासलंय का? मला आता दाट संशय आहे.

गेल्या सप्टेंबरात, धान्य काढलेल्या शेजारच्या शेतात, तिने एका मधल्याच सुराशी हट्ट धरला. आकडा कडीचा होता. मी आठ वेळा सांगितलं की कडी आहे. नवव्या वेळी खणलं. निघाली शिशाची एक करड्या रंगाची चकती, सुपारीपेक्षा थोडी मोठी, मधोमध भोक. मी ती कचऱ्याच्या पिशवीत टाकणार होतो. हिने हात धरला.

“अहो, ही चाती आहे. माझ्या आजीच्या टकळीला होती.”

आम्ही ती पुराणवस्तू नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडे नेली. १९९७ पासून इथे अशा वस्तूंची स्वखुशीने नोंद करायची योजना आहे, आणि आजवर दहा लाखांहून अधिक वस्तू तिच्यात नोंदल्या गेल्या आहेत. त्या बाईंनी चाती भिंगाखाली धरली, वजन केलं, फोटो काढला, मध्ययुगातली असावी म्हणाल्या आणि परत दिली. अशा सुट्या, साध्या शिशाच्या वस्तूला ट्रेझरचा कायदा लागत नाही, कोरोनरला त्रास नाही. बाहेर आल्यावर हिला म्युझियममधल्या सहा सोन्याच्या वस्तूंची आठवण करून दिली, त्यांच्याबरोबरही शिशाची चातीच होती. ती म्हणाली, “मग ती सापडलेल्या माणसाने शिसं गाळलं नव्हतं, एवढं नक्की.”

करारात लिहिलं आहे, सापडेल त्याचा निम्मा वाटा शेतकऱ्याचा. चाती निम्मी कशी करायची? मी त्याच्यासमोर ती ठेवली. त्याने विचारलं, “आउट?” मी म्हणालो, “आउट.” त्याने ती अंगठ्याने पुसून पाहिली, हिच्या हातात दिली आणि वाट्याच्या बदल्यात रुबार्बचं लोणचं मागितलं. मोहरी फेसून, कैरीच्याच पद्धतीने केलेलं. मागच्या मार्चमध्ये हिने एक बरणी दिली होती, ती त्याने चीजबरोबर आठ दिवसांत संपवली होती. आता दर हंगामाला अर्धा किलोची एक बरणी, असं ठरलं आहे. चाती आमच्या देवघरात तंबोऱ्याच्या जवारीच्या दोऱ्याशेजारी असते.

आणि वाचकांपैकी कोणी लीड्स, ब्रॅडफर्ड, वेकफील्ड या बाजूला राहत असेल तर एक विनंती: १५ इंची कॉइल, झाकणासह, चारदा वापरलेली, विकणे आहे. किमतीचं मात्र हिच्याशी बोला. माझं तिथे सेटिंग नाही.